हिंगण्याहून बनवून घेतलेली ट्यूब फर्नेस: आठ महिन्यांनंतर

आमच्या लॅबसाठी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून ट्यूब फर्नेस, म्हणजे आत आडवी नळी असलेली भट्टी, बनवून घेतली. माझं काम संत्र्याच्या सालीपासून सुपरकपॅसिटरच्या (वीज झटपट साठवणाऱ्या उपकरणाच्या) इलेक्ट्रोडसाठी सच्छिद्र कार्बन करायचं. सालं ज्यूसवाल्याकडून पिशवीभर फुकट मिळतात. भट्टी पोचवायला आलेला पोरगा हसत म्हणाला, "मॅडम, सालटे जाळाले एवढं मशीन कायले?"

जाळायचं नसतं, हीच तर गोम. साल वाळवून आधी ५०० अंशांवर कोळसा करायचा, मग त्यात तिप्पट कॉस्टिक पोटॅश मिसळून नायट्रोजनच्या झोतात ८०० अंशांवर तासभर ठेवायचं. पोटॅश कार्बन पोखरत जातं. पोखरलेली भोकं बहुतेक दोन नॅनोमीटरहून बारीक, आणि चार्ज साठतो तो त्यांच्याच भिंतींवर. तापमान हललं की भोकांचं मापही हलतं.

इथेच माझी तक्रार आहे. तापमान मोजणारा सेन्सर नळीच्या बाहेर, हीटरला खेटून बसवलाय. दोन महिन्यांनी संशय आला म्हणून रिकाम्या नळीत वेगळा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तारेची जोडी) घातला. पडद्यावर ८००, आत ७६५! म्हणजे वहीत ८०० म्हणून लिहिलेली सगळी सॅम्पलं खोटी. आता ८३५ लावते आणि बोट, म्हणजे सॅम्पल ठेवायची होडीसारखी लांबट वाटी, बरोबर मधोमध ठेवते. कडेला सरकली की कार्बन वेगळाच निघतो.

तापमानाचा चढ मात्र छान आहे. मिनिटाला पाच अंश, अडीच तासांत ८००, काटेकोर. फ्लँज (नळीच्या टोकांची झाकणं) गळत नाहीत. किंमतही परवडली.

क्वार्ट्झची नळी पोटॅशच्या वाफेने पांढुरकी पडली. तो दोष वर्कशॉपचा नाही, कुणाचीही पडेल. पण "पाच वर्षं बघायचं काम नाही" असं मालकांनी म्हणायला नको होतं. अ‍ॅल्युमिनाची बोट तर तिसऱ्याच वेळी तडकली. निकेलची घ्या.

मे महिन्यात ऐन ७०० अंशांवर लाइट गेली. नायट्रोजन चालूच ठेवला, नाहीतर आत राख उरली असती. लाइट आल्यावर कंट्रोलरने प्रोग्राम पहिल्यापासून सुरू केला आणि मी चहाला गेले होते. ते सॅम्पल फेकलं.

नवी नळी मागवली आहे. या वेळी नळीच्या टोकाच्या टोपीला सेन्सरसाठी भोक पाडून द्या, हे फोनवर न सांगता कागदावर लिहून दिलं.