फाटक पाडायचं कुणी: रीड स्विच की कापलेला रूळ?

लातूरला आमच्या माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत बार्शी लाइट रेल्वेचं मॉडेल धावतं. खरी लाईन ७६२ मिलिमीटर रुंदीची होती, म्हणून १:८७ या प्रमाणात ९ मिलिमीटरचा रूळ. गाडी आली की फाटक आपोआप पडावं, एवढीच हौस. त्यापायी दोन्ही प्रकार करून झाले.

इन्फ्रारेड सेन्सरचं विचारूच नका. चारच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की गाडी नसतानाच फाटक पडायचं.

रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा काचेच्या नळीतला स्विच, स्वस्त. रूळ कापायला नको. इंजिनाखाली चुंबक आणि स्लीपरांच्या मधे काचेची नळी, झालं काम. तारा वाकवताना काच तडकते, म्हणून काचेजवळ पक्कडीनं धरूनच वाकवा. गोल फिरणारी एकच गाडी असेल तर याच्या पुढं जायची गरजही नाही.

पण आमच्याकडं लाईट जाते. रीड स्विचला गाडी येऊन गेली एवढंच कळतं. ती अजून तिथं आहे का, ते कळत नाही. फाटक धरून ठेवणार रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आणि लाईट गेली की रिले सुटतो. लाईट आली की पाहावं तर फाटक सताड उघडं अन् मधोमध गाडी उभी! शेजारचं पोरगं दर वेळी म्हणायचं, "काका, गेटमन झोपला वाटतं." चार-पाचदा ऐकून घेतलं, मग करवत काढली.

फाटकापाशी रूळ कापून वेगळा तुकडा केला, त्याला वीज सेन्सरमधून दिली. कापलेल्या तुकड्यात इंजिन करंट ओढतंय तोवर फाटक खाली. लाईट येताच ते पुन्हा आपलं आपण पडतं. हे डीसीसीवर, म्हणजे रुळात कायम वीज असते त्या डिजिटल पद्धतीत; साध्या डीसीवर कंट्रोलर शून्यावर आला की उभी गाडी दिसत नाही, तिथं माझा आग्रह नाही. डबे करंट ओढत नाहीत, म्हणून शेवटच्या ब्रेक व्हॅनच्या (गार्डाच्या डब्याच्या) आसाला, थोडा करंट ओढावा म्हणून, १० किलोओहमचा रेझिस्टर लावला. तुकडा मात्र गाडीहून लांब हवा, नाहीतर मधले डबे जाताना फाटक उघडतं. धुळीनं फाटक थरथरतं, हेही खरं. रूळ पुसणं आलंच. ते तसंही कुणाला चुकलंय?

कापायचं ठरवलंच तर फट एपॉक्सीनं भरा. मे महिन्यात पत्र्याखाली रूळ वाढतात, फट मिटते आणि करंट सेन्सरला वळसा घालून जातो. माझं फाटक आठवडाभर त्यामुळंच पडलं नव्हतं, आणि मी उगाच सेन्सर बदलत बसलो होतो.