वर्षावनाची सहल: आंबोली, आगुंबे, सायलेंट व्हॅली की थेट बोर्निओ?

पालकसभेत वर्षावनाच्या सहलीचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘वाघ दिसेल का?’ दुसरा: ‘खर्च किती येईल?’ सहल कोणत्या महिन्यात न्यायची, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरी मेख तिथेच आहे. पुण्यातल्या शाळा आणि ज्युनिअर कॉलेजं सवयीने डिसेंबर-जानेवारीत सहली काढतात. तेव्हा घाटाच्या आपल्याकडच्या भागात बेडूक दडी मारून बसलेले असतात आणि धबधबे कसेबसे टिकून असतात. मुलं मग जंगलापेक्षा हॉटेलच्या गच्चीवर जास्त रमतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. त्यामुळे आधी सुट्टी कोणती ते ठरवा, जंगल त्यावरून ठरेल.

काटेकोरपणे पाहिलं तर सिंधुदुर्गातलं आंबोली, कर्नाटकातलं आगुंबे, केरळातली सायलेंट व्हॅली आणि आग्नेय आशियातलं बोर्निओ बेट या चौघांपैकी बारमाही ओलं जंगल एकट्या बोर्निओचं. आपल्या पश्चिम घाटात पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. घाटाने जसजसं दक्षिणेला जावं तसतसा कोरडा काळ कमी होत जातो आणि झाडं उंच होत जातात. म्हणून आंबोलीचं जंगल निमसदाहरित, आगुंबे आणि सायलेंट व्हॅलीचं सदाहरित. आठवी-नववीच्या मुलांना हा फरक फळ्यावर आकृती काढून कळत नाही, पण ज्याने दोन्ही जंगलं पाहिली त्याला सांगावा लागत नाही.

आंबोली पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आत. बस कोल्हापूरकडून गडहिंग्लज, आजरा करत आठ-नऊ तासांत पोचते. पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे पुण्याच्या साधारण दहापट. जंगल बुटकं आहे: अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा. उंच झाडांच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. इथे बघायचं ते खाली, गुडघ्याच्या उंचीपर्यंत. सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पावसाच्या सुरुवातीला साचलेल्या उथळ डबक्यांत ‘आंबोली टोड’ हा बेडूक अंडी घालतो. २००९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली ही प्रजाती अतिसंकटग्रस्त आहे. अंगावर वाघासारखे पिवळसर पट्टे असतात, तेव्हा पालकसभेतल्या पहिल्या प्रश्नाला ‘हो, दिसेल की’ असं उत्तर द्यायला हरकत नाही.

रात्री टॉर्च घेऊन निघालं की मलबारी उडत्या बेडकाची घरटी सापडतात. पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा मुठीएवढा गोळा, भोवती दुमडलेली पानं. गोळा हळूहळू पातळ होतो आणि त्यातून बेडूकमासे, म्हणजे बेडकाची पिल्लं, टपटप खालच्या पाण्यात पडतात. हे एकदा बघितलेल्या मुलाला उभयचरांचं जीवनचक्र वेगळं शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशीच्या उगमाशी जा. मंदिराच्या कुंडातल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या छोट्या माशाची नोंद विज्ञानात २०२० मध्ये झाली आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. देवस्थान आणि संशोधन एकाच पाण्यात कसं नांदतं, यावर मुलांशी तासभर बोलता येतं.

आंबोलीतला धोका सापाचा कमी, धबधब्याचा आणि घाटरस्त्याचा जास्त. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्यातले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाण्याजवळच्या सहलींबद्दल प्राचार्य ताकसुद्धा फुंकून पितात, आणि ते बरोबरच आहे. पाण्यात उतरणं कार्यक्रमातच नको. परवानगीच्या अर्जात तसं स्पष्ट लिहा. शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या कागदातही तेच असू द्या.

आगुंबे हा पुढचा टप्पा. शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळीच्या पुढे, पुण्याहून रस्त्याने सहाशे किलोमीटरच्याही वर. रात्रभर बसमध्ये बसवून मुलांना सकाळी जंगलात सोडू नका. कोकण रेल्वेने उडुपी आणि तिथून घाट चढून वर, हा मार्ग बरा. पाऊस आंबोलीएवढाच, पण झाडं खरोखर उंच, वेली मांडीएवढ्या जाड, आणि खाली भर दुपारी संध्याकाळसारखा उजेड. इथली मोठी जमेची बाजू म्हणजे संशोधनाची परंपरा. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये आगुंब्यात वर्षावन संशोधन केंद्र उभं केलं. नागराजाच्या (किंग कोब्राच्या) शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्याच्या हालचालींचा माग काढण्याचं काम इथे झालं. पश्चिम घाटातला नागराज ही स्वतंत्र प्रजाती आहे, हे २०२४ मध्ये जाहीर झालं तेव्हा त्या अभ्यासातही आगुंब्यात काम करणारे संशोधक होते. अकरावी-बारावीच्या किंवा बीएस्सीच्या मुलांना ‘प्रश्न कसा पडतो, मग त्याचं उत्तर शोधायला माणसं किती वर्षं घालवतात’ हे दाखवायचं असेल तर महाराष्ट्राजवळ याहून चांगली जागा मला माहीत नाही. मात्र नागराज दिसेल असं आश्वासन कुणी दिलं तर त्या माणसापासून चार हात लांब राहा.

आगुंब्याला ऐन पावसात नेऊ नका. जळवा इतक्या असतात की मुलांचा अर्धा वेळ मोजे तपासण्यात जातो, आणि पायवाटाही बऱ्याचदा बंद असतात. दिवाळीची सुट्टी उत्तम. जंगल तेव्हाही ओलं असतं आणि चालता येतं.

सायलेंट व्हॅलीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे: तिथे जीवशास्त्राच्या मुलांपेक्षा कला शाखेची मुलं न्यावीत. पलक्कड जिल्ह्यातल्या या खोऱ्यात कुंतिपुळा नदीवर वीजप्रकल्प होणार होता. लोकविज्ञान चळवळीतल्या केरळ शास्त्रसाहित्य परिषदेसारख्या संस्था, शिक्षक, कवी असे सगळे त्याविरुद्ध उभे राहिले, आणि अखेर १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना विकास आणि पर्यावरणाचा वाद इतका मूर्त रूपात दुसरीकडे मिळणं कठीण. जंगलाच्या दृष्टीने मात्र वेळ कमी पडतो. मुक्कालीहून वनखात्याची जीप तेवीस किलोमीटर आत सैरंध्रीपर्यंत नेते, मनोऱ्यावरून खोरं दाखवते आणि परत आणते. सिंहपुच्छ वानर दिसलं तर नशीब. पुण्याहून रेल्वेने जाण्यायेण्यात दोन दिवसांहून जास्त जातात, आणि जंगलात पाय टेकतात ते काही तास.

आता बोर्निओ. एजंट लोक ‘मे महिन्याच्या सुट्टीत बसतं’ म्हणतात आणि ते खरं आहे. बेटाच्या मलेशियातल्या भागात सबाह हे राज्य आहे; तिथल्या दानुम खोऱ्यात २०१९ मध्ये १००.८ मीटर उंचीचं झाड मोजलं गेलं, म्हणजे तीस मजली इमारतीएवढं. सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र १९६४ पासून चालू आहे. पण विद्यार्थ्यांच्या मनात सगळ्यात खोल जाणारी गोष्ट वाटेत दिसते: सांडाकानहून लाहाद दातूकडे जाताना तासन्तास नुसती तेलपामची लागवड. बॅगेतल्या बिस्किटाच्या पुड्यावर ‘पामतेल’ वाचायला लावा, पुढची चर्चा आपोआप होते.

खर्च अर्थातच अनेक पटींनी. पासपोर्ट, अल्पवयीनांसाठी पालकांची संमतिपत्रं, आणि क्वालालंपूरहून गेलात तरी सबाहमध्ये पासपोर्ट पुन्हा तपासला जातो, तो वेळ धरा. पदवीच्या छोट्या गटासाठी ठीक. साठ मुलांच्या शाळेसाठी मी नाही म्हणेन, कारण त्या पैशांत निम्मी मुलं घरी राहतात आणि सहलीचा वर्गात उपयोग शून्य.

शिवाय जंगल कसं हातचं जातं हे बघायला परदेशीच जावं असं नाही. आंबोलीहून दोडामार्गकडे उतरा. कालपरवापर्यंत जिथे जंगल होतं तिथे आज रबर आणि अननसाच्या बागा आहेत, आणि त्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळाची दलदलही अजून टिकून आहे. (अॅमेझॉनचं माहितीपत्रकही आमच्याकडे आलं होतं. पीतज्वराची लस, तिचं कार्ड परतताना विमानतळावर दाखवणं आणि एवढा प्रवास, हे पाहून मी ते बाजूला ठेवलं.)

सातवीच्या खालच्या मुलांसाठी यातलं काहीच नको. भीमाशंकर पुरे. सव्वाशे किलोमीटरच्या आत, शेकरू हमखास म्हणावा इतका दिसतो, आणि अहुपेची देवराई बघता येते. मोठ्या मुलांनाही सहलीच्या आधी एक दिवस तिथे नेलं तर पावसात चालण्याची आणि गप्प बसण्याची रंगीत तालीम होते.

आठवी ते दहावीला घेऊन निघालेल्या शाळेने माझ्या मते आंबोलीच घ्यावी: तीन मुक्काम एकाच ठिकाणी, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्याजवळ गाड्यांची इतकी रांग लागते की बेडकाचा आवाजही ऐकू येत नाही. रात्रीच्या फेरीसाठी वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवाच, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. अर्ज एप्रिलमध्येच टाका, कारण जूनमध्ये शाळा उघडल्यावर कुणाला वेळ नसतो.