टीपीसीके-ट्रिप्सिन: प्रयोगशाळेत फ्लूवर काम करणाऱ्यांनी विकत घ्यावं का?

एमडीसीके पेशींवर (कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या, प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी) फ्लूचा विषाणू वाढवायचा असेल तर हे हवंच. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम); इथे ते टीपीसीके या रसायनाची प्रक्रिया करून दिलेलं असतं. विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन अखंड तयार होतं. ते एचए१ आणि एचए२ अशा दोन तुकड्यांत कापलं जाईपर्यंत विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात मिसळू शकत नाही, म्हणजे संसर्गच नाही. आपल्या श्वसनमार्गात ही कापणी मुख्यतः टीएमपीआरएसएस२ हे आपल्याच पेशींचं विकर करतं. एमडीसीकेमध्ये ती पुरेशी होत नाही, म्हणून बाहेरून ट्रिप्सिन. १९७५ च्या सुमाराची ही युक्ती आजही तितकीच चालते.

स्वस्तातलं साधं ट्रिप्सिन घेऊ नका. त्यात कायमोट्रिप्सिन या दुसऱ्या विकराचा अंश असतो; टीपीसीकेची प्रक्रिया केली की तो निकामी होतो.

मी मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम वापरते. क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने रंगवल्यावर पेशींच्या जांभळ्या थरात प्लाक (विषाणूने पेशी मारून पाडलेली मोकळी जागा) स्वच्छ, गोल दिसतात. प्रमाण वाढवलं की पेशी कडेने सुटायला लागतात. आधी पेशींच्या पोषकद्रवातलं सीरम नीट धुवून काढा, त्यातले अवरोधक ट्रिप्सिनला काम करू देत नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी: प्रत्येक लॉटची (एका वेळी बनवलेल्या मालाची) क्रियाशीलता वेगळी, आणि बाटलीवर फक्त वजन. क्रियाशीलतेचा आकडा लेबलवर छापायलाच हवा. तोवर नवा लॉट आला की आधी मात्रा तपासून घ्या.

बर्ड फ्लूच्या अतिघातक एच५ विषाणूंना मात्र याची गरज नसते. त्यांचं हिमॅग्लुटिनिन जवळपास सगळ्याच पेशींत असलेलं फ्युरिन हे विकर कापतं, म्हणून ते पक्ष्याच्या सर्वांगात पसरतात.