थांबणे आणि टाळणे

थांबणे आणि टाळणे बाहेरून सारखेच दिसते, कारण दोन्हींत काम लांबणीवर पडते. पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला मच्छीमार १ जून ते ३१ जुलै या मासेमारीच्या बंदीकाळात यांत्रिक नौका शाकारून ठेवतो, तेव्हा त्याच्या थांबण्याला कारण असते, मुदत असते आणि हात फाटकी जाळी सांधण्यात गुंतलेले असतात.

टाळण्याचे तसे नाही. घराची कौले परतण्याचे काम मी चैत्रापासून ढकलत राहिलो. शिडीकडे नजर गेली की छातीत धडधड होई, ‘पुढच्या रविवारी नक्की’ म्हटले की ती लगेच शमे, आणि ही क्षणभराची सुटकाच (माझ्या मते खरी गोम इथेच आहे) सवय घट्ट करत जाते. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडले, की चालढकलीत माणूस नकोशा भावनेपासून तात्पुरता आराम शोधत असतो. म्हणून तिला आळस म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आळशी माणसाला कामाची टोचणी नसते, मला ती रोज होती. मृगाच्या पहिल्या सरीला माजघरात आईच्या अंथरुणापाशी ठेवलेल्या पितळी घंगाळात थेंब टपटपू लागले, तेव्हा शिडी पडवीत तशीच उभी होती.