युरोपचं नागरिकत्व: जोडीदार म्हणून की विद्यार्थी म्हणून?

जर्मनीत मास्टर्सला जायचं ठरलेलं असतं आणि त्याच सुमारास तिथे स्थायिक झालेल्या मुलाचं स्थळ येतं. किंवा पुण्यात भेटलेला मित्र युरोपियन निघतो, लग्नाचा विचार सुरू होतो आणि हातात विद्यापीठाचं प्रवेशपत्रही असतं. मग घरात चर्चा होते: पुढे नागरिकत्व घ्यायचं झालं तर कुठला रस्ता बरा?

बहुतेक जण लगेच वर्षं मोजतात. जर्मनीत जोडीदाराला तीन, बाकीच्यांना पाच. म्हणजे लग्नाचा रस्ता जवळचा. मला हा हिशेब अपुरा वाटतो. वर्षांआधी दोन गोष्टी बघायला हव्यात. एक, तुमचं तिथे राहण्याचं परमिट कुणाच्या जिवावर आहे: तुमच्या स्वतःच्या शिक्षणाच्या, नोकरीच्या, की दुसऱ्या माणसाच्या? दोन, तुम्ही तिथे काढलेला काळ नागरिकत्वासाठी धरला जातो की नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं देशागणिक बदलतात.

जर्मनीपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडून सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते आणि मला त्याचे बारकावे सगळ्यात जास्त माहीत आहेत.

जर्मनी: आजचा कायदा

२७ जून २०२४ पासून आठ वर्षांची मुदत पाचवर आली आणि दुहेरी नागरिकत्वाला जर्मनीची हरकत राहिली नाही. त्याच सुधारणेत उत्तम भाषा आणि विशेष कामगिरी असणाऱ्यांसाठी तीन वर्षांची जलद सोयही होती. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये संसदेने काढून टाकली. इंटरनेटवरच्या जुन्या व्हिडिओंमध्ये ती अजून दिसते, त्यावर विसंबून बेत आखू नका.

बाकीच्या अटी दोन्ही रस्त्यांना जवळपास सारख्या आहेत. जर्मन भाषा बी १ पातळीपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील एवढी. नागरिकत्वाची परीक्षा: ३३ प्रश्न, त्यांतले १७ बरोबर यावे लागतात, आणि सगळे ३१० प्रश्न आधीपासून जाहीर आहेत, त्यामुळे तिची धास्ती नको. घराचा खर्च सरकारी भत्त्यावर न चालणं. गुन्ह्यांची नोंद नसणं. फी प्रौढांना २५५ युरो, सोबत अर्ज करणाऱ्या लहान मुलांना ५१.

तीन वर्षांची सवलत नक्की कुणाला?

इथे फार गोंधळ होतो. ही सवलत फक्त जर्मन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला आहे: तीन वर्षं कायदेशीर वास्तव्य, आणि लग्नाला दोन वर्षं पूर्ण.

नवरा भारतीय असून ब्लू कार्डवर (पदवीधरांना ठरावीक पगाराच्या नोकरीवर मिळणारं परमिट) असेल, तर डिपेंडंट म्हणून आलेल्या बायकोला ही सवलत नाही. तिचेही पाच. नवरा पाच वर्षांनी अर्ज करतो तेव्हा त्याच्यासोबत बायकोला कमी वास्तव्यावरही घेता येतं, पण ते कार्यालयाच्या विवेकावर आहे, हक्क नव्हे.

आणि जोडीदार युरोपियन पण जर्मन नसेल तर? समजा नवरा इटालियन आहे आणि दोघं म्युनिकमध्ये राहतात. राहण्याचा हक्क तुम्हाला युरोपीय संघाच्या नियमांनी सहज मिळतो, पाच वर्षांचं कार्डही मिळतं. पण जर्मन नागरिकत्वासाठी तुम्ही पाच वर्षांच्याच रांगेत. उलट इटलीचं नागरिकत्व तुम्हाला लग्नाला तीन वर्षं झाली की म्युनिकमध्ये बसून मागता येतं, मूल असेल तर दीड वर्षात, फक्त इटालियन बी १ पर्यंत यायला हवं. रोज जर्मन बोलायचं आणि परीक्षा इटालियनची द्यायची, हे सोपं नाही. तरीही अशा जोडप्यांनी दोन्ही वाटा तपासाव्यात.

लग्नाशिवाय एकत्र राहणं जर्मनीत नागरिकत्वासाठी धरत नाहीत. समलिंगी जोडप्यांना मात्र ऑक्टोबर २०१७ पासून विवाहाचा पूर्ण हक्क आहे आणि सवलतही तीच. भारतात त्या लग्नाला मान्यता नाही, म्हणून अशा जोडप्यांचं लग्न बहुधा युरोपातच होतं.

परमिट कुणाच्या जिवावर

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला स्वतःचा, लग्नापासून स्वतंत्र असा राहण्याचा हक्क जर्मनीत संसाराची तीन वर्षं झाल्यावर मिळतो. त्याआधी वेगळं व्हायची वेळ आली तर परमिटचा आधारच जातो. घरात मारहाण, छळ असेल तर कायद्यात अपवाद आहे आणि तो वापरायलाच हवा, पण तो सिद्ध करावा लागतो. परक्या देशात, भाषा कच्ची असताना, वकील शोधून सिद्ध करणं किती अवघड जातं, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना सांगायला नको. नागरिकत्वाच्या अर्जाचंही तसंच. मंजुरीआधी जोडपं वेगळं झालं तर तीन वर्षांची सवलत गेली.

लग्न टिकणार नाही असं गृहीत धरा, असं मी म्हणत नाही. पण आईवडील मुलीला पाठवताना स्थळाचा पगार विचारतात, घर विचारतात. तिथे तिचं परमिट कसलं असेल हे क्वचितच विचारतात. ते विचारायला हवं.

विद्यार्थ्याचं उलट आहे. काळ लांब, खर्च स्वतःचा, पण प्रत्येक कागद स्वतःच्या नावावर. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) वर्षाचे पैसे दाखवायचे, २०२५ साली ते ११,९०४ युरो होते, एपीएस प्रमाणपत्र (भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) काढायचं, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गसारख्या राज्यात युरोपाबाहेरच्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो फी. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, खर्चाला थोडा हातभार लागतो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. नोकरी लागली की ब्लू कार्ड. नव्या पदवीधराला त्यासाठी २०२५ साली वर्षाला साधारण ४३,७६० युरो पगार लागत होता आणि ही मर्यादा दर वर्षी बदलते.

शिकण्याची वर्षं जर्मनीत नागरिकत्वाच्या पाचांत धरली जातात. मात्र अर्ज करताना हातात विद्यार्थी परमिट किंवा नोकरीशोधाचं परमिट असून चालत नाही.

एक हिशेब मांडून बघू. नाशिकची थोरली बहीण ऑक्टोबर २०२२ मध्ये श्टुटगार्टला मास्टर्सला आली. मार्च २०२५ मध्ये पदवी, सप्टेंबर २०२५ मध्ये ब्लू कार्ड. तिची पाच वर्षं ऑक्टोबर २०२७ मध्ये भरतात. धाकटीचं लग्न जर्मन नागरिकाशी झालं आणि ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. तिची तीन वर्षं ऑक्टोबर २०२८ मध्ये. पोहोचल्यापासून मोजलं तर धाकटी दोन वर्षांनी पुढे. पण अर्जाच्या दिवशी थोरलीकडे जर्मन पदवी, पगार आणि पेन्शनचा भरणा असेल. जर्मन पदवीवाल्यांना नोकरीची दोन वर्षं आणि पेन्शनचे २४ हप्ते झाले की कायम वास्तव्याचं परमिटही मिळतं, त्यामुळे नागरिकत्व लांबलं तरी तिचं काही अडत नाही.

थोरलीने मध्येच जर्मन मित्राशी लग्न केलं तर दोन्ही रस्ते एकत्र येतात. तिचं आधीचं वास्तव्य धरलं जातं आणि लग्नाला दोन वर्षं झाली की सवलत लागू होते. अशा वेळी एकच सांगेन: स्वतःचं ब्लू कार्ड जोडीदाराच्या परमिटमध्ये बदलून घेऊ नका. नागरिकत्वाला त्याने काही फायदा होत नाही, आणि हातातला स्वतंत्र आधार मात्र जातो.

विद्यार्थ्यांची खरी अडचण भाषेची. मास्टर्स इंग्रजीतून, ऑफिस इंग्रजीतून, घरातले मित्र आपलेच. पाच वर्षं भरतात आणि जर्मन ए २ च्या, म्हणजे बी १ च्या खालच्या पातळीच्या, पुढे सरकलेलं नसतं. पुण्यात माक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. निघण्याआधी बी १ उरकून आलेल्या मुलांना नोकरीतही त्याचा फायदा होतो.

नावांचा घोळ

लग्नाच्या रस्त्यावर कागदपत्रं जास्त जड जातात. जर्मनी भारताचा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) मानत नाही. जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला हे सगळं जर्मन दूतावासामार्फत स्थानिक पातळीवर तपासून घेतलं जातं आणि त्यात महिने जातात. म्हणूनच कितीतरी जोडपी डेन्मार्कला जाऊन लग्न करतात. तिथे कागद कमी लागतात आणि ते लग्न जर्मनीत चालतं.

त्यात आपली मराठी नावं. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, नुसतं आईवडिलांचं. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव मुलीच्या नावाला चिकटलेलं, म्हणून जर्मन नोंदीत ‘सायली प्रकाश’ ही दोन्ही तिचीच नावं ठरतात. लग्नानंतर सासरी नाव बदललं असेल तर आणखी एक कागद. निघण्याआधी महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव घातलेला नवा जन्मदाखला काढा आणि सगळीकडे स्पेलिंग एकच आहे का बघा. जर्मन नागरिक झाल्यावर नाव तिथल्या पद्धतीत बसवून घेण्यासाठी नोंदणी कार्यालयात एकदा जबाब देता येतो. वडिलांचं नाव काढायचं असेल तर ते तिथे होतं.

फ्रान्स

शिकणाऱ्यांसाठी फ्रान्सचा कायदा उदार आहे. एरवी पाच वर्षं लागतात, पण तिथे उच्च शिक्षणाची दोन वर्षं यशस्वीपणे पूर्ण करून पदवी घेतली तर मुदत दोनवर येते. कागदावर हा युरोपातला फार जवळचा रस्ता. प्रत्यक्षात स्थिर नोकरी आणि उत्पन्न नसेल तर अर्ज पुढे ढकलतात, आणि हा निर्णय सरकारच्या मर्जीचा असतो. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून फ्रेंच बी १ ऐवजी बी २ लागतं, नागरिकशास्त्राची परीक्षाही आली. बी २ म्हणजे चर्चा करता येईल, मत मांडता येईल एवढी भाषा.

जोडीदाराला फ्रान्समध्ये लग्नानंतर चार वर्षं, फ्रान्सबाहेर राहत असाल तर साधारण पाच. पाक्स नावाच्या नोंदणीकृत सहजीवनाने राहायला मदत होते, पण ही चार वर्षांची वाट त्याने उघडत नाही. थोडक्यात, जर्मनीत जोडीदार पुढे आणि फ्रान्समध्ये विद्यार्थी.

नेदरलँड्स आणि इतर

नेदरलँड्समध्ये एक वेगळेपण आहे: डच माणसासोबत लग्न न करता तीन वर्षं सलग एकत्र राहिलात तरी सवलत मिळते. विद्यार्थी असाल तर पाच, आणि अर्जाच्या वेळी कायम स्वरूपाच्या कारणाचं परमिट हवं. फी मात्र हजार युरोच्या वर. जोडीदार म्हणून जाणाऱ्या भारतीयांना निघण्याआधीच डच भाषेची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते.

विद्यार्थ्यांनी आयर्लंड आणि स्पेनमध्ये सावध राहावं. आयर्लंडमध्ये विद्यार्थी परमिटचा काळ नागरिकत्वासाठी मोजत नाहीत. स्पेनमध्येही नाही, आणि तिथे भारतीयांना एरवी दहा वर्षं लागतात. पण स्पॅनिश नागरिकाशी लग्न झालेल्याला एका वर्षाचं वास्तव्य पुरतं. एकाच देशात दहा आणि एक इतका फरक.

गोव्याची गोष्ट निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. अशा व्यक्तीशी लग्न झालं असेल तर तीन वर्षांनी जोडीदारालाही पोर्तुगालमध्ये न राहता अर्ज करता येतो, मात्र भाषा किंवा तिथल्या समाजाशी नातं दाखवावं लागतं. पोर्तुगालने २०२५ पासून नागरिकत्वाचे नियम कडक करायला घेतले आहेत, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा कायदा वाचूनच पुढे जा.

भारताकडून काय सुटतं

जर्मनी दोन पासपोर्ट चालवून घेते, भारत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करायचा, त्याचा दाखला घ्यायचा, मग ओसीआयचा (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं, कायमच्या व्हिसासारखं कार्ड) अर्ज. मधल्या काळात भारतात यायचं तर जर्मन पासपोर्टवर व्हिसा लागतो. जुना भारतीय पासपोर्ट वापरून प्रवास करणं गुन्हा आहे, मग घरचे गणपती असोत की कुणाचं आजारपण.

ओसीआयवर मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारशाने मिळू शकते, विकत घेणं बंद. त्यामुळे गावाकडे भावाच्या शेजारची दोन एकर घ्यायची मनात असेल तर नागरिकत्व हातात पडण्याआधीच सातबारावर नाव चढवून घ्या. ही गोष्ट भारतातल्या घरच्यांशी बोलूनच ठरवावी लागते, आणि मोठ्या शहरांत अर्ज मंजूर व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जात असल्याने तेवढा वेळ हाताशी असतो.