बॅच रजिस्टर की क्यूआर प्रणाली : लहान सौंदर्यप्रसाधन कारखान्यासाठी तुलनात्मक आढावा

रबाळे किंवा वागळे इस्टेटमधील लहान सौंदर्यप्रसाधन कारखान्यापुढे सध्या दोन पर्याय असतात : हाती भरलेले बॅच रजिस्टर (एका वेळी तयार झालेल्या मालाची, म्हणजे बॅचची, नोंदवही) व त्याला जोडलेली एक्सेल शीट चालू ठेवणे, किंवा कच्च्या मालाच्या लॉटपासून (पुरवठादाराने एकच क्रमांक दिलेला साठा) बाटलीवरील क्यूआर कोडपर्यंतची साखळी सांभाळणारी संगणकीय प्रणाली घेणे.

माल देशातच विकायचा असेल, तर रजिस्टर पुरते. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार लेबलवर बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि परवाना क्रमांक लागतो. क्यूआर कोडची सक्ती नाही. रजिस्टरचा खरा कस माल परत मागवताना लागतो. ग्लिसरीनचा एकच लॉट फेसवॉश, लोशन आणि हँडक्रीममध्ये गेला आणि लोशनच्या बॅचच्या मध्येच नवा ड्रम उघडला गेला, तर कोणत्या बॅचमध्ये कोणता लॉट हे शोधायला पानांमागून पाने उलटावी लागतात. प्रणालीत वजनकाट्यापाशीच ड्रमचे लेबल स्कॅन होत असल्याने उत्तर लगेच मिळते. अर्थात, आधी माल ओतून संध्याकाळी नोंद करण्याची सवय असेल, तर प्रणालीचाही उपयोग नाही.

युरोपला निर्यात असेल, तर पारडे प्रणालीकडे झुकते. तिथे उत्पादनाची माहिती-फाइल (उत्पादनाचे वर्णन, सुरक्षितता अहवाल इत्यादी कागद) शेवटची बॅच बाजारात आल्यापासून १० वर्षे जपावी लागते. जेल नेलपॉलिश दिव्याखाली कडक करणाऱ्या टीपीओ या घटकावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली, आणि ३१ जुलै २०२६ पासून नव्या उत्पादनांच्या लेबलवर ८० हून अधिक सुगंधी अ‍ॅलर्जीकारक घटक, ठरावीक प्रमाणापुढे असल्यास, नावानिशी द्यावे लागतील. सुगंधाचा पुरवठादार बदलला की प्रत्येक शीट हाताने तपासणे जिकिरीचे ठरते.

विक्रेते मात्र ‘डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट’ची, म्हणजे उत्पादनाची माहिती कोड स्कॅन करून मिळण्याच्या युरोपीय सक्तीची, भीती दाखवतात. हा पासपोर्ट ज्या कायद्याखाली येतो, त्याच्या एप्रिल २०२५ मधील युरोपच्या पहिल्या कार्ययोजनेत कापड, फर्निचर, गाद्या, टायर, पोलाद व अ‍ॅल्युमिनियम आहे, सौंदर्यप्रसाधने नाहीत. तेवढ्यासाठी घाई करणे व्यर्थ.

शाश्वततेच्या दाव्यांबाबत दोन्ही पर्याय पुरवठादाराच्या कागदांवरच अवलंबून आहेत. ‘मास बॅलन्स’ पद्धतीच्या पाम तेलात प्रमाणित (शाश्वत लागवडीचे प्रमाणपत्र असलेला) व अप्रमाणित माल मिसळलेला असतो, त्यामुळे या बाटलीतले तेल प्रमाणित बागेतलेच आहे, असे कोणताही क्यूआर कोड सिद्ध करू शकत नाही. आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे पर्यावरणविषयक दाव्यांना पुरावा मागतात.

म्हणून युरोपची ऑर्डर हाती येईपर्यंत रजिस्टरमध्ये लॉट क्रमांकाचा रकाना काटेकोरपणे भरावा. प्रणाली घेतल्यास, करार संपल्यावर सर्व नोंदी एक्सेलमध्ये परत मिळतील, हे विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्यावे.