कर्करोग संशोधन केंद्राच्या देणगीत बुडालेले 3,89,500 रुपये

एका विद्यापीठाच्या नियोजित कर्करोग संशोधन केंद्रासाठी म्हणून मी स्वतःचे 1,51,000 रुपये आणि नातेवाईक, शेजारी व भिशीतल्या मैत्रिणींकडून गोळा केलेले 2,38,500 रुपये, असे एकूण 3,89,500 रुपये एका भामट्याच्या स्वाधीन केले. स्वतःचे पैसे गेल्याचा संताप आहेच. परंतु ज्यांनी केवळ माझ्या शब्दावर पैसे दिले, त्यांच्याशी जिन्यात गाठ पडली की मान वर होत नाही.

अशी माणसे कशी बोलतात हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याचे गोड बोलणे येथे उगाळत नाही. मात्र तो चौकात डबा वाजवत फिरणारा नव्हता. त्याने आम्हाला विद्यापीठाच्याच आवारातील सभागृहात बोलावले (ते कोणालाही भाड्याने मिळते, हे नंतर कळले), इमारतीचे आराखडे मांडले आणि छापील दरपत्रक हातात दिले: प्रयोगशाळेतील एका टेबलावर नाव हवे असल्यास 51,000, पेशीसंवर्धन कक्षाच्या दारावर हवे असल्यास 1,51,000. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली टाटांच्या न्यासाच्या पैशातून उभे राहिले, मग आपल्या विद्यापीठाचे केंद्र लोकांच्या पैशातून का उभे राहू नये, हा त्याचा युक्तिवाद मला आजही चुकीचा वाटत नाही. माझी थोरली बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिचे नाव त्या दारावर लागावे असे मला वाटले, यात हावरटपणा कोणता?

माझ्या डोक्यातून जात नाही तो क्षण बँकेतला आहे. पैसे पाठवण्यापूर्वी काउंटरवरच्या मुलीने खातेदाराचे नाव मोठ्याने वाचले. त्यात कर्करोग होता, संशोधन होते, परंतु विद्यापीठ नव्हते आणि शेवटचा शब्द ‘असोसिएट्स’ असा होता. मी तिथूनच त्याला फोन केला. “ताई, बांधकामाचा निधी वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो,” असे तो म्हणाला आणि मी अर्जावर सही केली. मी महाविद्यालयाच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहे. इमारत निधीचे वेगळे खाते मी स्वतः सांभाळलेले आहे, म्हणूनच त्याचे उत्तर मला पटले. मात्र ते वेगळे खातेही संस्थेच्याच नावाने असते, हे मला त्याच क्षणी आठवायला हवे होते. पावतीवरच्या पॅनचे चौथे अक्षर ‘एफ’ होते. न्यासाच्या पॅनमध्ये तेथे ‘टी’ असतो, ‘एफ’ म्हणजे भागीदारी फर्म. पावती हाती आली की सर्वांत आधी ते अक्षर पाहा.

दुसरी खूण त्या ‘जोड देणगी’त होती. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला कोणी माजी विद्यार्थी 31 मार्चपर्यंत जमेल तेवढीच रक्कम स्वतः घालणार, म्हणून घाई करा, असे सांगितले गेले. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायची तर संस्थेला परदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा; खऱ्या संस्थेला तो सांगायला वेळ लागत नाही. रोखीने देणाऱ्यांना त्याने दोन-दोन हजारांच्या अनेक पावत्या फाडून दिल्या, कारण त्याहून अधिक रोख देणगीला प्राप्तिकरातील 80जी ची वजावट मिळत नाही. कायदा त्याला माझ्यापेक्षा अधिक पाठ होता.

ही वजावट घेण्यासाठी संस्थेकडून मिळणारे देणगीचे 10बीई प्रमाणपत्र 31 मेपर्यंत मिळायला हवे होते. ते आले नाही आणि त्याचा फोनही बंद झाला, तेव्हा प्रकार उघडा पडला. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली खरी, परंतु पैसे गोठवायचे तर तासाभरात हालचाल करावी लागते. येथे महिने उलटून गेले होते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “मॅडम, पैसे स्वखुशीनेच दिलेत ना?” जणू फसवणूक म्हणजे दरोडा! नंतर हद्दीचा वाद निघाला: मी राहते एका ठाण्याच्या हद्दीत, खाते दुसऱ्या, सभागृह तिसऱ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, हे मी, एका निवृत्त लेखनिक बाईने, गणवेशातल्या माणसाला वाचून दाखवले, तेव्हा त्याने “साहेब आल्यावर या” असे सांगितले. साहेबांनी माझा अर्ज ठेवून घेतला, गुन्हा नोंदवला नाही. बँकेने खातेदाराची माहिती गोपनीय असल्याचे सांगितले. माझी माहिती मात्र त्या खातेदाराकडे पॅनसकट आहे. विद्यापीठाने तर कमालच केली. आपल्या नावाने, आपल्याच छताखाली पैसे गोळा झाले असताना कुलसचिव कार्यालयाने ‘सदर प्रकरणाशी विद्यापीठाचा संबंध नाही’ असे एका ओळीचे पत्र पाठवले आणि सावध करणारी सूचना संकेतस्थळावर लावण्याची तसदी आजतागायत घेतलेली नाही.

विद्यापीठाला देणगी द्यायची असेल तर वित्त अधिकाऱ्याच्या कार्यालयात स्वतः जा आणि धनादेश विद्यापीठाच्याच नावाने काढा. मध्यस्थ कितीही सुशिक्षित असो, त्याला दारात उभे करू नका.

मैत्रिणींचे पैसे मी निवृत्तिवेतनातून हप्त्याने परत करत आहे. 2,38,500 पैकी 64,000 फेडून झाले आहेत. एकट्या तक्रारीवर काही होणार नाही, असे ठाण्यात मला तोंडावर सांगितले गेले आहे, म्हणून ज्यांच्याकडे टेबलाच्या किंवा दाराच्या नावाने दिलेली अशी पावती असेल, त्यांनी ती फाडून टाकू नये आणि लाज न बाळगता आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.